अकरा कमी

खासगीवाले बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
साहेब, सलाई म्हणजे पेन नव्हे,
एवढी आवळून धरू नका.
आमच्या कंपूत टाक्याला सगळे फंदाच म्हणतात,
आणि मी चौतीस वर्षं एजी ऑफिसात
पोरांना बजावत आलो,
या फंदात पडू नका.

आता निवृत्त. जानेवारी.
कोहरा बारापर्यंत हटत नाही.
मग गच्चीवर बाईंची खुर्ची, माझं स्टूल,
मधे गजकाचा डबा,
आणि नजरबागेतून घासाघीस करून आणलेले
राखी लोकरीचे तीन गुंडे.
अठ्ठ्याऐंशी टाके बिनचूक घातले.
सुलट जमलं. उलट जमलं.
चार बोटं, सहा बोटं टोपी चढत गेली.
बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली,
अहो, ही माठाला होईल.

तेव्हा बाई म्हणाल्या, आता घटवा.

घट हा शब्द मला चांगला ठाऊक.
घट म्हणजे तांबडी शाई.
घट म्हणजे कुणीतरी खाल्लं.

सहा विणा, दोन एकत्र.
दोघांच्या पोटातून सुई घालायची,
धागा एकच ओढायचा,
आणि डाव्या सुईवरून दोघांना एकदम सोडायचं.
ऐकायला एवढंच.
माझी सुई एकातच शिरे,
दुसरा घरंगळत खाली, शिडी करत,
थेट काठापर्यंत.
बाई क्रोशाच्या सुईनं त्याला पायरी पायरी वर आणत.
हा सांडला, त्या म्हणाल्या. सांडलेला वेगळा.
घटवलेला कुठे जात नाही, हे बघा,
आणि वीण उलटून दाखवली:
पुढच्याच्या पाठीशी
मान वाकडी करून उभा होता.

मी चष्मा पुसला.

डबऱ्याचं भांडार, एक्क्याण्णवचा माघ.
वहीत कांबळी दोनशे चाळीस,
मोजली तर दोनशे एकोणतीस.
मी लिहिलं, अकरा कमी.
अक्षर माझं तेव्हाही वळणदार.
भांडारपाल रामदयाल कुशवाह,
आठ महिने निलंबित.
पुढे पावसाळा संपता संपता कुणाला तरी सापडलं,
थंडीच्या लाटेत ती इस्पितळाला दिली होती.
पावती होती.
दुसऱ्या एका पावतीच्या मागे,
नीट, टाचणीनं टाचलेली.
आक्षेप मागे घेतला, एका ओळीत.
तुमची काय चूक, सगळे म्हणाले.
मीही म्हणालो.

बाईंना यातलं काही सांगितलं नाही.
त्या गजक मोडत होत्या.

पाच विणा, दोन एकत्र.
चार विणा, दोन एकत्र.
सुलट ओळ आली की अकरा कमी,
सत्याहत्तर, सहासष्ट, पंचावन्न.
हिशेबाला पक्के आहात, बाई म्हणाल्या,
पण सगळे एकाच बाजूला कलतायत.
दुसऱ्या बाजूला कलवायचे तर
एक न विणताच उचलायचा,
पुढचा विणायचा, मग पहिल्याला त्याच्यावरून ओलांडायचं.
ते उद्या.

शेवटी सुईवर अकरा उरले.
त्यांतून धागा ओवला, ओढला,
तोंड मिटलं.
बाजू शिवली, तीही वाकडी.
शेंड्याला पीळ पडलाय, भोवऱ्यासारखा,
आणि माझ्या डोक्यात काही ती शिरत नाही.

रात्री वीज गेली.
मी टोपी उलटी करून
आतून बोट फिरवत बसलो.
जिथे दोनाचा एक झाला
तिथे बारीक जाड लागतं, तांदळाच्या कणीएवढं.
सत्याहत्तर भरायला हवेत.
पन्नाशीच्या पुढे दोनदा चुकलो,
पुन्हा शेंड्यापासून सुरुवात.
झोपला नाहीत अजून? बायको अंधारातून विचारते.
आलोच, म्हटलं.
अकरा राहिलेत.