तिघांतले दोन

फोल्डर तसं लहानच,
किराणा दुकानाच्या वहीएवढं:
कुठलं यंत्र कुठे राहतं, त्याला किती मेमरी,
कोणत्या तारेने ते जगाशी बोलतं,
कुणी हाक मारली तर उठायचं की नाही.

ते एका जागी नाही.
क्लाक्सविकला आहे, तोर्शाव्हनला आहे,
आणि दक्षिणेच्या बेटावर, व्हॉवुरला,
जुन्या बर्फघराच्या मागच्या खोलीत.
मूळ कुठलं नि नक्कल कुठली
हे तिथे कुणी विचारत नाही.
एकाने ओळ खोडली
की उरलेल्यांच्या हातूनही ती खोडली जाते,
त्याच क्रमाने.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
इथे तो दोघांमुखीही चालतो.
एकामुखी नाही.

जानेवारीच्या त्या रात्री वारा असा
की दगडी कुंपणाच्या आडोशाला मेंढ्या
एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या.
दहा चाळीसला समुद्रातली केबल गप्प झाली.
क्लाक्सविकचं यंत्र एकटं पडलं.
अक्षर न् अक्षर त्याच्यापाशी होतं,
तरी त्याने स्वतःचे हात बांधून घेतले:
वाचा. लिहू नका.

चालू होतं ते चालत राहिलं.
फक्त पंपांवर लक्ष ठेवणारं एक
नेमकं तेव्हाच कोसळलं, आणि उठवलं तर उठेना.
टाक्यांत बोटाएवढे साठ हजार सॅमन,
ऑक्सिजनचा आकडा उतरत चाललेला.

एयुन तेवीस वर्षांचा. त्याला आज्ञा पाठ.
"एकच ओळ," तो म्हणाला, "त्याला सांगायचं,
आज घरात तू एकटाच, तुझंच बहुमत."
सुन्वाने त्याचं मनगट धरलं.
"आणि तिकडे ते दोघं जागे असतील तर?
एका वहीच्या दोन खऱ्या वह्या झाल्या
तर सकाळी कुणाची फाडायची?"

तिने होडीवरचा रेडिओ आणला.
व्हॉवुर, व्हॉवुर.
खरखर.
मग हानुस, रात्रपाळीचा, एकाहत्तर वर्षांचा:
"झोपलो नव्हतो."
"तुझं यंत्र?"
"वीज नवालाच गेली. हात ठेवलाय त्याच्यावर. गार आहे."
"प्लग काढ."
"काढला."
"मी सांगेपर्यंत लावू नकोस."
"हातातच धरून बसतो."

म्हणजे तोर्शाव्हन जिवंत असलं तरी एकटंच,
आणि एकटं म्हणजे मुकं.
सुन्वाने बोटांवर मोजलं,
पुन्हा मोजलं, तीनच बोटं असूनही,
मग एयुनकडे बघून मान हलवली.
ओळ गेली.
हात सुटले.
आकडा आधी थांबला, मग कुरकुरत चढू लागला.

रेडिओ बंद करायचा राहूनच गेला.
तासाभराने त्यातून हानुस बोलला,
कुणाशी ते कळलं नाही:
"एल्सपा होती तेव्हा तारखेतारखेवरून भांडण.
मुलगा पहिल्यांदा चालला तो स्वयंपाकघरात की गोठ्यात.
होडी विकली ती सत्तावीसला की अठ्ठावीसला.
आता कुणी चूक काढत नाही.
सगळं आहे माझ्यापाशी. रोज वाचतो.
पण एक अक्षर इकडचं तिकडे करवत नाही."

एयुन स्क्रीनकडे बघत राहिला,
काहीच घडत नव्हतं तरी.
सुन्वाने बटण दाबलं,
नुसतंच दाबून धरलं थोडा वेळ.

"अठ्ठावीसला," ती म्हणाली.
"माझ्या बापानेच घेतली ना ती होडी.
मी धक्क्यावर उभी होते. नवे बूट होते पायात, चावत होते."

खरखर. वारा, किंवा तसंच काही.

"म्हणजे तिचंच बरोबर."

मग बऱ्याच वेळाने:
"प्लग लावू का आता?"

"अजून नको, हानुस.
अजून थोडा वेळ धर."