परमिट

खांबावर चढण्याआधी आमच्यात एक रीत आहे.
उपकेंद्राला फोन लावायचा, नाव सांगायचं, फीडर सांगायचा:
"अकरा केव्ही, वाढोणा गावठाण, बंद करा."
पलीकडून ऑपरेटर तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो.
मग आपण म्हणायचं, हो.
वहीत वेळ लिहायची.
एवढं झालं तरी तारेवर विश्वास टाकायचा नसतो,
अर्थिंगचा रॉड लावून बघायचा.
दिसायला तार सारखीच, जिवंत काय अन् मेलेली काय.

हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं.
शीलवंतशी बोलताना मात्र
दोन वर्षं मी परमिटशिवाय चढत होते.

तो कोचीच्या बंदरात, क्रेनवर.
आमची भेट म्हणजे बडनेरा स्टेशन, तेरा मिनिटं,
त्यातली चार पाण्याची बाटली शोधण्यात गेली.
बाकी सगळा संसार फोनमध्ये:
त्याच्या खोलीतला पंखा, माझ्या आईचा खोकला,
एकमेकांच्या डब्यांचे फोटो,
त्याला न रुचलेली आमटी, मला न कळलेला समुद्र.

मागच्या उन्हाळ्यात मी लांबलचक लिहिलं.
बदली, घरचे, लग्नाचं कधी विचारायचं, एका दमात सगळं.
उत्तर आलं: "बरं."
पुढे टिंब.

ते टिंब मी रात्रभर वाचलं.
बाजेवर या कुशीवर, मग त्या कुशीवर.
शीलवंत कधी टिंब देत नाही,
त्याची वाक्यं उघड्या फाटकासारखी असतात.
दोन वाजता लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं.
कुणी दारापर्यंत यावं आणि कडी न वाजवता परत जावं, तसं.
साडेतीनला मी त्याच्या वतीने भांडले,
त्याच्याच आवाजात स्वतःला वाट्टेल ते बोलले.
उजाडेपर्यंत आमचं तुटलंही होतं,
आणि तो बिचारा ड्यूटीवर होता.

सकाळी डीपीजवळ जम्पर तुटलेला.
मी शिडीच्या दोन पायऱ्या चढले
आणि खालून उईके भाऊ ओरडले,
"ओ बाई! रॉड कोन लावन?"
रॉड पऱ्हाटीच्या ढिगाला टेकून उभा होता.

उतरले. गुडघे ऐकेनात.
भाऊंनी पाणी दिलं. विचारणार नव्हते, पण विचारलंच:
"कोनी मेलं काय?"
"नाई भाऊ. एकानं बरं म्हटलं."
त्यांनी बिडी पेटवली, अर्धी ओढली.
"मंग इचार ना त्याले, कोनतं बरं."

संध्याकाळी सरळ लिहिलं,
टोमणा टाकावासा वाटला, तो गिळून:
"तुझं 'बरं' मी राग म्हणून वाचलं. खरं काय आहे?"
फोनच आला.
"अवं, हाताले ग्रीस होतं. अंगठ्यानं तेवढंच निघालं.
टिंब चुकून पडलं."
मी हसले, मग रडले.
मग तो हळू आवाजात म्हणाला,
"पन लग्नाचं वाचून भेलो होतो मी. तेही खरं हाय."

म्हणजे तार अगदीच मेलेली नव्हती.

आता जड काही असलं की आम्ही लिहीत नाही, बोलतो.
माझं ऐकून तो परत म्हणतो, "म्हंजे तुले असं म्हनायचं काय?"
कधी मुद्दाम ऑपरेटरच्या आवाजात.
रात्री दहानंतर भांडणाला लोडशेडिंग.
तरी फसतं. परवा तीन दिवस अबोला झाला,
कारण दोघांनाही आठवत नाही;
मला आठवतं, पण ते राहू दे.

मे महिन्यात जमीन वाळली की अर्थिंग धरत नाही.
खड्ड्यात मीठ असतं, कोळसा असतो,
तरी पाणी घालावं लागतं, कुणी तक्रार करायच्या आधी.
आज दोन बादल्या ओतल्या.
मातीनं आवाज करत पिऊन टाकल्या.
तेवढ्यात पिशवीत फोन वाजला, वाजून थांबला.
मी हात ओढणीला पुसले आणि लिहिलं:
"हात ओले होते. दहा मिनिटांत बोलते"