लाडखेडच्या पुढचं स्टेशन

जिनिंगमधल्या मोठ्या यंत्राच्या पोटावर
लोखंडातच उठवलेली अक्षरं होती.
हाताला लागायची,
वाचता यायची नाहीत.
इंग्रजी पाचवीपासून होतं
आणि आम्ही तिसरीत, मी आणि नत्थू दुपारे.

भोंगा झाला की मायची भाकर घेऊन जायचं.
ती सरकीच्या ढिगाशी बसलेली,
भुवयांवर रुई, पापण्यांवर रुई,
खोकली की जराशी उडायची.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया
दिवाळीपासून होळीपर्यंत म्हाताऱ्या असतात
आणि मग पुन्हा तरण्या होतात.

याकूब मिस्त्री तेलाची कुपी घेऊन
यंत्राभोवती फिरायचा, त्याच्याशी बोलायचा,
बापाशी बोलावं तसं, जरा दबून.
"हे कुठचं व्हय, चाचा?"
"गंज दूरचं. आपल्याहून म्हातारं हाये. हात नोको लावू."

एक दिवस नत्थूनं वहीचं पान त्यावर धरलं
आणि पेन्सिल आडवी करून घासली.
करड्या ढगातून हळूहळू वर आलं:
दोन डोंगर, एक तंबू, मोडकं फाटक, फुटकी बांगडी…
अंबाडकर गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मँचेस्टर," म्हणाले. "गाव आहे.
आपला कापूस जायचा तिथं."
एवढंच. घंटा झाली.

आता आमच्या गावातून जे काही जायचं
ते लहान लाईनच्या गाडीनंच जायचं.
म्हणजे हिशेब सोपा होता.
आधी दारव्हा, मग लाडखेड,
आणि लाडखेडच्या पुढं
आमच्यातलं कोणी गेलंच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी बसलो.
माझ्या ओच्यात फल्लीदाणे,
नत्थूच्या गळ्यात बहिणीची ओढणी, दुहेरी गुंडाळलेली;
तिथं थंडी असते
हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.
गाडी इतकी हळू, की माणसं उतरून
बोरं तोडून
परत त्याच डब्यात चढायची.

"कुठी चालले रे पोट्टेहो?" शेंद्रे गार्डनं विचारलं.
नत्थूनं छाती काढून सांगितलं.
शेंद्रे हसले नाहीत.
हे मी अजून विसरले नाही.
खिशातून वेळापत्रक काढलं, बोटाला थुंकी लावून
शेवटच्या पानापर्यंत उलटलं.
"आजची चुकली तुमची," म्हणाले.
लाडखेडला आम्हाला पोंगे घेऊन दिले.
फलाट संपत होता, रूळ संपत नव्हते,
ते सरळ पळसांत शिरत होते.
मी जितकं दिसेल तितकं बघून घेतलं.

घरी मायनं मारलं. मग जवळ घेतलं,
पोलक्याला सरकीचा वास.
मग पुन्हा मारलं.

जिनिंग बंद पडलं तेव्हा मी बाळंतीण होते.
यंत्र किलोनं गेलं.
गॅसनं कापताना अक्षरं मधोमध तुटली म्हणे,
'मँचे' एका ट्रकात, 'स्टर' दुसऱ्यात.
नत्थूच सांगत होता. त्याच आवारात
तो आता लग्नाच्या खुर्च्या भाड्यानं देतो.

आणि केतकी तिथं आहे. नर्स.
परवा फोनवर दाखवत होती:
लाल विटा, खिडक्यांच्या रांगा, धुराडं.
"आई, ही जुनी गिरणी. आता लोक राहतात हिच्यात.
भाडं ऐकशील तर भाकर गिळायची नाहीस."
मी धुराडं बघत होते. आमच्याच घरचं,
फक्त खाऊनपिऊन वाढलेलं.
काहीतरी बारीक पडत होतं आभाळातून,
तिच्या भुवयांवर बसत होतं.

म्हटलं, केतके, जराशी जवळ जा.
दारावर, खांबावर, कुठंतरी बघ,
आपल्या गावाचं नाव असंल.
ती गेली. खरंच गेली.
फोन भिंतीवरून हळूहळू फिरवला.
विटा, विटा, गाड्या लावू नका अशी पाटी, विटा.
"नाही गं काही."
हात लावून पाह्य, म्हटलं.
कधी कधी वाचता नाही येत, पण लागतं.

तिनं दातांनी हातमोजा काढला.