दर दिवशी दहा टक्के

मार्चअखेर मी नियमांचा कागद केला,
बारा पानी. शेवटचं सबंध पान उशिराचं:
दर दिवशी दहा टक्के कापले जातील,
पाचव्या दिवसानंतर शून्य.
'शून्य' हा शब्द मी ठळक केला,
मग साधा केला,
मग परत ठळक.
वय सत्तावीस. यॅकिमात येऊन नऊ दिवस.
कॉलेजची खोली एकशे चौदा, संख्याशास्त्र, सकाळी आठ.

जुनी मंडळी म्हणाली, पहिल्या आठवड्यात हसू नकोस.
मी हसले नाही.
मागच्या रांगेत कोल्टन ब्रेनर
खुर्ची दोन पायांवर तोलून चिप्स खायचा.
सरासरीच्या व्याख्येत कुरुम कुरुम.
मी थांबले की तो थांबायचा,
मी सुरू की तोही सुरू.
एकदा आवाज चढवला, तर तो वर जाऊन चिरकला.
वर्ग हसला नाही.
तेच जास्त लागलं.

मोबाइल ठेवायला टोपली आणली, सफरचंदांची असते तसली.
तास संपल्यावर तळाशी खरंच एक सफरचंद निघालं.
कुणाचं, ते विचारलं नाही.
गाडीत बसून, काचा वर करून खाल्लं.

सबबींची वही भरत गेली.
अ‍ॅशलिनचा प्रिंटर त्या तिमाहीत चारदा वारला.
एफ्राइन बराहास मात्र काहीच सांगायचा नाही.
तीन दिवस उशीर, तीस टक्के गेले,
त्याने कागदाची चौघडी केली, खिशात घातली,
'थँक यू, मिस' म्हणाला.
घासाघीस करणारी पोरं परवडली.

एप्रिलात एका रात्री दोन वाजता
खिडकीच्या काचा थरथरल्या. हेलिकॉप्टर?
एक नव्हे, वीस-पंचवीस तरी.
घरमालकीण डेल्फीन गाउनवर जाकीट चढवून पायरीवर उभी होती,
हातात कॉफी, जशी काही दिवाळखोरीची बातमी ऐकायला बसलेली.
'पंखे गं ते, बागांमधले. झाडं फुलावर आहेत ना.
पारा उतरला की खांबावरचे पंखे लावायचे,
वरची ऊब खाली ओढायची.
एक रात्र डोळा लागला, की वर्षाचं फळ गेलं.'
मी विचारलं, जागतं कोण?
'पोरं जागतात,' ती म्हणाली. 'तुझीच असतील.'

सकाळी एकतिसातले एकोणीस आले.
खोलीला डिझेलचा वास.
कोल्टनची खुर्ची चारही पायांवर होती
आणि चिप्सची पिशवी न फोडलेली.
एफ्राइन टोपीत तोंड खुपसून झोपला होता.
बाराव्या पानावर नव्हे, आठव्यावर लिहिलंय:
वर्गात झोपल्यास बाहेर.
मी फळ्याकडे तोंड केलं
आणि प्रमाण विचलन जरा हळू आवाजात शिकवलं.

पाचवा स्वाध्याय होता स्वतः आकडे जमवायचा.
बाकीच्यांनी गोळ्यांच्या पाकिटातले रंग मोजले होते.
एफ्राइनचा कागद दोन दिवस उशिरा आला,
कडेला ग्रीसचा अंगठा:
१२.४० ला ३३ अंश. १.१५ ला ३१. २.०५ ला २९, पंखे चालू.
नऊ रात्री, दर अर्ध्या-पाऊण तासाला.
एका ओळीत आकडा नव्हता.
'३.२०. नोंद नाही. झोप लागली.'

तिथे कुणीही तीस लिहिलं असतं.
मीसुद्धा.

वीस टक्के कापले.
हो, कापले. कागद सगळ्यांना एकच दिला होता.
मग रात्रभर कान खिडकीशी, पंख्यांची वाट बघत,
आणि नेमकी त्या रात्री हवा उबदार.

सोमवारी फळ्यावर लिहिलं:
दहिवराच्या रात्री दोन दिवसांची सूट. आधी सांगायचं.
मागच्यांनाही लागू.
एफ्राइनने वाचलं, मान डोलावली,
खिशातली चौघडी काही बाहेर काढली नाही.

मंगळवारी अ‍ॅशलिन दारात:
'मिस, आमच्याकडेही दहिवर पडलं.'
ती तिसऱ्या मजल्यावर राहते,
खाली टायरचं दुकान.
'किती वाजता?' मी विचारलं. 'पारा किती होता?'
ती छताकडे बघत आकडा शोधू लागली,
आणि मला हसू फुटलं.
पहिला आठवडा केव्हाच उलटला होता.