अनिच्छुक

अर्जावर दोनच चौकोन:
इच्छुक. अनिच्छुक.
मुदतवाढ दोन वर्षांची, सही सोमवारपर्यंत.

कागद खिशात घालून
रायबंदरच्या फेरीबोटीत उभा राहिलो
आणि सवयीने माणसं मोजली: एकेचाळीस,
नऊ स्कूटर, एक बकरी.
हिशेब कुणाला द्यायचा नव्हता.

चोडणला खाजनाचा बांध फुटला होता.
भरतीला दीड तास.
मी काठावरून ओरडलो, "दोन रांगा करा!"
अठ्ठावीस वर्षांत या आवाजाला
कुणी वळलं नाही, असं आठवत नाही.
इथे सगुण तेवढा वळला,
चिखलाचा गोळा हातात कोंबत म्हणाला,
"आदीं हें धर. मागीर उलय."

रांग होतीच. मलाच दिसली नव्हती.
रोझालिनाबाई आणि एक शाळकरी पोर
यांच्यामध्ये घुसलो.
गोळा यायचा, गोळा जायचा.
माझ्या खांद्यावर काय आहे
ते कुणी पाहिलं नाही. चिखलच होता.

पाणी चढलं. मानशीची दारं
आपणहून मिटली,
कुणी हुकूम न देता.

रात्री पेन मागितलं.
लीलावतीने पोराच्या दप्तरातून काढून दिलं,
कुठला चौकोन, विचारलं नाही.
भात मात्र जरा जास्त वाढला.

सोमवारी बांबोळीला हेडक्लार्क
कागद उजेडात धरून म्हणाला,
"साहेब, डाग पडलाय. दुसरा भरून द्या."

म्हटलं, राहू दे हाच.
दुसरा दिलास तर
कदाचित दुसरंच लिहीन.