आट

रेश्मा मुजावर फॉर्म भरून घेते :
अंगात कुठं लोखंड-बिखंड, काका?
अंगठ्यात होता एक कीस, एकोणऐंशी सालचा,
पिकून आपसूक बाहेर आला.
डोळ्यात गेलेला तो आमच्या मोल्डरनं काढला,
जिभेच्या शेंड्यानं. नाव काय त्याचं…
नाव नको, म्हणाली. एक्स-रे पुरे.

अंगठी, करदोडा, कवळी ट्रेमध्ये.
मग नळीत सारलं मला. ठणाठणा, ठणाठणा.
उद्यमनगरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला
त्या आवाजानं झोप लागली.

डॉक्टर पोरगं चांगलं.
अभ्यासाला धडधाकट म्हातारीच हवीत त्याला.
हे खोलात काळं दिसतंय, दोन्ही अंगांना, ते लोह.
वयाबरोबर साठतं.
आणि ही फट बघा, मेंदू जरा आत सरलाय.
घाबरू नका. एकाहत्तरीच्या मानानं नॉर्मल.

घाबरतोय कशाला?
मी पॅटर्नमेकर. सागवानात घडवायचो
ते पुढं लोखंडात उतरायचं.
आमची पट्टीच वेगळी,
फुटामागं एक सूत जादा.
रस गार होताना आटतो,
आट आधी धरली नाही
तर पंपाचं झाकण पंपावर बसत नाही.
एकदा अख्खा टेम्पो परत आलेला पुण्याहून.
चूक माझीच होती.

म्हणजे मी अजून गार होतोय,
असं म्हणणार होतो डॉक्टरला.
बाहेर माणसं खोळंबलेली, राहिलं.

राजारामपुरीत गल्ल्या मोजत चाललो.
पाचवी, सहावी,
सातवीच्या तोंडाला उभा राहिलो. गल्ली आपलीच.
नाव आठवत होतो.
भट्टीचा उजेड त्याच्या गालावर,
तंबाखूचा वास,
माझी पापणी वर धरलेली वाळूनं काळी बोटं.
सगळं आहे. नाव तेवढं नाही.

माझी आट कुणी धरली असंल का?
आई गारगोटीची. तिला कसली पट्टी!
पण शाळेची चड्डी शिवायची
ती कायम दोन बोटं जादा.
सबंध वर्ष मी ती
एका हातानं धरून पळायचो.

रात्री कवळी घासताना आलं.
इलाही.
इलाही शिकलगार.
आतून बायको म्हणाली, कुणाला हाका मारताय?
कुणाला न्हाई, म्हटलं,
आणि पुन्हा एकदा म्हणून बघितलं,
जरा मोठ्यानं.