अकरा पॉइंट एक

संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी
स्विच पुन्हा तेच लिहितो:
बारा व्होल्टची पातळी अकरा पॉइंट एक.
इशारा. पिवळा दिवा.
सकाळी उजाडलं की आपोआप बरा.
नारिनच्या या शाळेत, तळघरातल्या लोखंडी कपाटाला
अकरा दिवस झाले, रोज तिन्हीसांजेचा ताप.

मुख्याध्यापिका बुरुलकान एजे म्हणतात, गावच तसं आहे.
उणे सव्वीस झालं की घरोघरी हीटर लागतात
आणि तारेतली वीज हात आखडता घेते.
खापर फोडायला गाव बरं असतं.
मी मीटरच्या दोन सुया सॉकेटात खुपसल्या:
एकशे चौऱ्याऐंशी.
कमी, पण उपाशी मरण्याइतकं नाही.
डब्याच्या पाठीवर छापलंय, शंभरातही भागवीन.

केबल बदलली.
पंख्यातून लोकर काढली, खरोखरची लोकर,
तळघरात कुणीतरी नमदे वाळवतं.
मोजणाराच चुकत असेल म्हणून
त्याची प्रणाली नवी केली.
नव्या आवृत्तीत, नव्या अक्षरांत
त्याने लिहिलं: अकरा पॉइंट एक.
हट्टी माणसं मला आवडतात. यंत्रं, कमी.

मग नोंदी घेऊन खिडकीपाशी बसले.
आज सहा बारा. काल सहा अकरा.
त्याआधी सहा नऊ, सहा आठ.
हीटर घड्याळ बघून लागतात, हाडं बघून लागतात,
असे मिनिटामिनिटाने पुढे सरकत नाहीत.
दिवस मोठा होत होता
आणि माझा बिघाड त्याच्या मागोमाग चालत होता.
मावळतीचा एवढा हिशोब कोण ठेवतं?

कॅमेरे.
आठही याच स्विचच्या ताटात जेवणारे.
अंधार पडला की एकेकाचा लाल डोळा उघडतो
आणि प्रत्येक जण चार वॉट जास्त मागतो.
वीज काढून, थांबून, पुरवठ्याचा डबा उघडला:
एका कपॅसिटरचं डोकं
तळलेल्या बोरसोकसारखं टम्म.
म्हातारा आचारी. दिवसभर नेटका,
रात्रीच्या पंगतीला हात थरथरतो.

नवा डबा बिश्केकहून येणार.
दोलोनची खिंड बर्फाने बंद.
तोवर एक तोंड कमी करायला हवं.

तुर्दुबेक बायके पहारेकरी. चहा ओतत म्हणाले,
फाटकाचा ठेव, जिन्याचा ठेव.
कोळशाच्या ढिगावरचा बंद कर.
काय दिसतं तिथे?
काही नाही. कुत्रं.
चहा ओतताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
कप भरून बशीत सांडला.

नोंदी शोधताना मी चित्रंही पाहिली होती.
मंगळवार, रात्रीचे अडीच.
एक बाई, लहान मुलाची घसरगाडी, बादली.
दोन फावडी. तिसरं भरलं,
थांबली, परत ढिगावर टाकलं.
जाताना कडी अशी लावली की वाजू नये.
आणि चौकटीच्या अगदी कडेला
एक उंच नमद्याची टोपी,
पाठ फिरवून उभी.

पोर्ट सात बंद केलं.
अकरा पॉइंट नऊ. पिवळा विझला.
अहवालात लिहिलं:
कारण, जुना पुरवठा आणि अंधारात वाढणारा भार.
उपाय, पोर्ट सात तूर्त बंद.
यातलं अक्षरही खोटं नाही.
बुरुलकान एजेंनी सही केली, म्हणाल्या,
म्हणजे गावाचा दोष नव्हता.
नव्हता, म्हटलं.

शुक्रवारी खिंड उघडली, खोकं आलं.
चार स्क्रू, एक खटका, पंख्याचा नवा सूर.
बारा पॉइंट शून्य, रात्रीसुद्धा.
आता सातलाही पुरेल एवढं आहे.

मी लॅपटॉपवर हात ठेवून बसले आहे.
थंडी मार्चअखेरपर्यंत राहील,
तुर्दुबेक बायके दारातून म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.